चाड्यातले बी आणि रॅम्पवरची गाडी: भरधाव महामार्गात मिसळायचे कसे?

आंबिया बहाराची संत्री नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्यायची होती, म्हणून मागच्या हिवाळ्यात मी पुतण्याबरोबर त्याच्या पिकअपमध्ये बसून कारंजा लाडच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढलो. चढलो म्हणण्यापेक्षा अडकलो म्हणणे अधिक खरे, कारण रॅम्प, म्हणजे महामार्गावर चढायची वाट, जिथे महामार्गाला मिळतो तिथे नेऊन त्याने गाडी चक्क उभी केली, उजवा इंडिकेटर लावला आणि मान वळवून मागे पाहत राहिला. एकामागोमाग तीन ट्रक गेले, त्यांच्या पलीकडून एक कार लांबलचक हॉर्न देत सुसाट निघून गेली, आणि तेवढ्यात रॅम्पवरून आमच्या मागे एक टँकर येऊन ठेपला. पुतण्या घामाघूम होऊन म्हणाला, "काका, थांबलो तं मागचा ठोकते, नाई थांबलो तं समोरचा ठोकते. करा तं काय करा?"

प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग वाहता झाला. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या आपल्या विदर्भातल्या पाच जिल्ह्यांतून तो जातो. सेलडोह, येळाकेळी, धामणगाव, कारंजा, शेलूबाजार, मेहकर अशा ठिकाणांहून त्यावर चढणारी माणसे आयुष्यभर फाट्यावरून मोठ्या रस्त्याला लागत आलेली आहेत. फाट्यावरची सवय इथे मात्र उपयोगाची नाही, उलट घातक आहे. ती का घातक आहे, आणि जगात काही ठिकाणी अशा रॅम्पवर मुद्दाम लाल दिवे का बसवले आहेत, हे या लेखात पाहू.

फाटा वेगळा, रॅम्प वेगळा

फाट्यावर आपण थांबतो, दोन्हीकडे पाहतो आणि मोकळे दिसले की वळतो. रॅम्पची रचनाच वेगळ्या हेतूने केलेली असते. रॅम्प महामार्गाला टेकतो तिथून पुढे काही अंतर महामार्गाच्या डाव्या अंगाने एक जादा लेन चालते आणि मग निमुळती होत संपते. या जादा लेनला आपण वेगपट्टी म्हणू. ती थांबण्यासाठी नसून वेग वाढवण्यासाठी आहे, म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या वेगाशी आपला वेग जुळावा आणि मग बाजूच्या लेनमध्ये अलगद सरकता यावे.

उभ्या गाडीने मिसळायचे ठरवले तर काय होते, याचा हिशेब वहीच्या एका कोपऱ्यात मावेल इतका साधा आहे. भरलेल्या पिकअपचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे एक मीटरने वाढतो असे धरले, तर शून्यापासून ताशी ८० किलोमीटरपर्यंत पोहोचायला त्याला सुमारे २२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे २५० मीटर पुढे जातो. त्याच २२ सेकंदांत ताशी ८० च्या वेगाने येणारा ट्रक जवळजवळ ४९० मीटर आणि ताशी १२० ने येणारी कार ७३० मीटरहून अधिक अंतर कापते. याचा अर्थ असा की, मागच्याला ब्रेक मारायला न लावता उभ्या गाडीने आत शिरायचे असेल, तर ट्रक निदान २५० मीटर आणि कार जवळपास अर्धा किलोमीटर मागे असायला हवी. तीच पिकअप वेगपट्टीवर आधीच ताशी ८० ला पोहोचलेली असेल, तर ताशी ८० नेच जाणाऱ्या दोन ट्रकांच्या मधली थोडीशी मोकळी जागाही तिला पुरते, कारण त्यांच्या वेगात फरकच उरत नाही. पुतण्या सुरक्षित राहावे म्हणून थांबला होता आणि थांबल्यामुळेच त्याला लागणारी मोकळी जागा कितीतरी पटींनी वाढली होती.

रस्त्यावर गाड्या मावतात किती?

इथपर्यंतची गोष्ट एका गाडीची झाली. महामार्ग गजबजलेला असेल तेव्हा मात्र प्रश्न एका गाडीचा राहत नाही, आणि तो समजण्यासाठी दोन शब्द लागतात. एका ठिकाणावरून तासाभरात जितक्या गाड्या जातात त्याला प्रवाह म्हणू, आणि एका लेनच्या एका किलोमीटरवर एका वेळी जितक्या गाड्या असतात त्याला दाटी म्हणू. दाटीला वेगाने गुणले की प्रवाह मिळतो.

समजा एका लेनवर किलोमीटरमागे ८ गाड्या आहेत आणि त्या ताशी ११० ने धावत आहेत, तर तासाला ८८० गाड्या पुढे सरकतात. दाटी २२ झाली आणि वेग थोडा उतरून ८५ वर आला, तरी प्रवाह १,८७० होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. पण दाटी ६० वर गेली की चालक बिचकतात, वेग १८ वर येतो आणि प्रवाह पुन्हा १,०८० पर्यंत घसरतो. दोन गाड्यांत दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे म्हटले तर एका लेनमधून तासाला १,८०० गाड्या जातात. चांगल्या रस्त्यांवर प्रत्यक्षात २,००० ते २,४०० पर्यंतचे आकडे मोजले गेले आहेत, पण ती तारेवरची कसरत असते. लोकांची गल्लत होते ती इथे. रस्ता गाड्यांनी ठासून भरलेला दिसला म्हणजे तो पुरेपूर वापरात आहे असे वाटते, प्रत्यक्षात ठासून भरलेला रस्ता मध्यम भरलेल्या रस्त्यापेक्षा कमी गाड्या पोहोचवतो.

पेरणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तिफणीच्या मागे चाडे, म्हणजे बी सोडायचे नरसाळे, धरून चालणारी बाई मुठीतले बी बोटांच्या फटीतून लयीत सोडत राहते. बी बारीक धारेने नळ्यांतून उतरते आणि तास सारखे पेरले जाते. घाईने अख्खी मूठ चाड्यात रिकामी केली, तर नळीत बोळा बसतो, तिफण पुढे जात राहते आणि पुढची दहा पावले तास कोरडे जाते. नळी तीच, बी तेवढेच आणि बैलही तेच. बिघाड होतो तो फक्त बी किती वेळात सोडले यामुळे. शिवाय बोळा बसला की मूठ आवरून भागत नाही, तिफण थांबवून नळी झाडावी लागते.

रस्त्याचेही नेमके असेच आहे. मिसळण्याच्या जागी एकदा कोंडी झाली की तिथून सुटणाऱ्या गाड्यांचा प्रवाह कोंडीपूर्वीच्या प्रवाहापेक्षा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरतो, कारण थांबलेला प्रत्येक चालक पुढचा हलल्यावर क्षणभर उशिरा हलतो. म्हणून कोंडी फोडण्यापेक्षा ती होऊ न देणे केव्हाही स्वस्त पडते.

पुढे अपघात नाही, टोल नाही, तरी रस्ता का अडतो?

लांबच्या प्रवासात हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. पाच-दहा मिनिटे मुंगीच्या पावलांनी सरकल्यावर रस्ता एकाएकी मोकळा होतो आणि अडण्याचे कारण काही दिसत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ गाड्या ठेवल्या होत्या आणि सर्वांनी एकसारख्या वेगाने फिरत राहावे एवढीच सूचना दिली होती. वळणाचा अडथळा नाही, सिग्नल नाही, कोणी मध्ये शिरणारा नाही. तरीही थोड्याच वेळात एका ठिकाणी गाड्या थबकू लागल्या आणि ती थबक लाटेसारखी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली, गाड्या मात्र पुढे जात होत्या.

एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने थोडा अधिक, त्याच्या मागच्याने आणखी, असे होत होत शेवटचा पूर्ण थांबतो. दाटी कमी असते तेव्हा असा धक्का मधल्या मोकळ्या जागेत जिरून जातो, दाटी वाढलेली असली की तो फुगत जातो. रॅम्पवरून एकदम आठ-दहा गाड्या घोळक्याने शिरल्या, तर त्या ऐन भरलेल्या लेनला असाच धक्का देतात, आणि त्याची शिक्षा दोन किलोमीटर मागे, रॅम्पशी काही संबंध नसलेल्या माणसाला भोगावी लागते.

रॅम्पवरचा लाल दिवा

यावरचा उपाय चाड्यातल्या मुठीसारखाच आहे. रॅम्पवर सिग्नल बसवायचा आणि हिरव्या दिव्यागणिक एकच गाडी, फार तर दोन, पुढे सोडायची. याला रॅम्प मीटर म्हणतात. सिग्नलवर थांबलेल्या गाडीपुढे वेग घेण्यापुरते अंतर ठेवलेले असते, त्यामुळे ती महामार्गापाशी पोहोचते तेव्हा धावत असते. दर चार सेकंदांना एक गाडी सोडली तर तासाला ९०० गाड्या आत जातात, पंधरा सेकंदांना एक सोडली तर २४०.

याची सुरुवात अगदी घरगुती पद्धतीने झाली. अमेरिकेत शिकागोच्या आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवर १९६३ मध्ये रॅम्पवर एक पोलीस उभा केला होता, तो गाड्या थांबवायचा आणि ठरलेल्या अंतराने एकेक सोडायचा. बाजार समितीच्या फाटकावर कापसाची वाहने एकेक करून आत घेणारा माणूस पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पुढे पोलिसाची जागा दिव्याने घेतली आणि महामार्गाच्या पृष्ठाखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून गाड्यांची दाटी मोजली जाऊ लागली.

किती सोडायच्या हे ठरते कसे? ग्रीसचे संशोधक मार्कोस पापाजॉर्जियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली आणि पुढे युरोपात वापरली गेलेली एक पद्धत आपल्याकडच्या उन्हाळी कूलरसारखी चालते. कूलरच्या टाकीत नळ जोडलेला असतो आणि पाण्यावर एक बॉल तरंगतो. पातळी उतरली की बॉल खाली जाऊन नळ उघडतो, पातळी चढली की तोच बॉल नळ आवळतो. बॉलला उद्याचे तापमान किंवा घरात पाहुणे किती येणार हे कळत नाही, त्याला फक्त आत्ताची पातळी कळते आणि तेवढ्यावर काम भागते. मिसळण्याच्या जागेच्या थोडे पुढे दाटी मोजायची, ती ठरवलेल्या पातळीपेक्षा कमी असेल तर दिवा लवकर हिरवा करायचा, जास्त झाली तर थोडा उशिरा. हुशारी लागते ती पातळी नेमकी कुठे ठेवायची हे ठरवताना.

"थांबवून लवकर पोहोचवणार, हे पटत नाही"

ही शंका मिनेसोटा राज्यातल्या लोकांनाही आली होती आणि त्यांनी ती तडीला नेली. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत सुमारे ४३० रॅम्प मीटर होते. लोकांची तक्रार इतकी वाढली की विधिमंडळाच्या आदेशाने २००० सालच्या शरद ऋतूत सुमारे सहा आठवडे ते सगळे बंद ठेवून आधीची आणि नंतरची मोजणी करण्यात आली. दिवे बंद असताना महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. रॅम्पवरची रांग गेली, पण तिच्याहून मोठी रांग महामार्गावर उभी राहिली.

मला या प्रकरणात आकड्यांइतकेच त्यानंतर जे घडले तेही मोलाचे वाटते. दिवे पुन्हा लागले, पण जसेच्या तसे नव्हे. स्थानिक रॅम्पवर कोणाला चार मिनिटांपेक्षा अधिक आणि एका महामार्गावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या रॅम्पवर दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबवायचे नाही, अशी मर्यादा घालण्यात आली. म्हणजे दिवा योग्य होता आणि लोकांची तक्रारही खोटी नव्हती.

"मग रांग आमच्या गावात येईल"

ही हरकत खरी आहे. रॅम्पवर जागा मोजकीच असते आणि ती भरली की रांगेचे शेपूट गावच्या रस्त्यावर येते, मग ज्याला महामार्गावर जायचेच नाही तोही अडतो. कापूस खरेदीच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकापासून मैलभर लागलेल्या ट्रॅक्टर आणि मेटॅडोरच्या रांगेत शाळेची गाडी अडकलेली आपण पाहतोच. म्हणून रॅम्पच्या मागच्या टोकाशीही दाटी मोजणारे वेटोळे असते. रांग तिथवर पोहोचली की महामार्गाचे काहीही होवो, दिवा झपाट्याने हिरवा होऊ लागतो आणि रॅम्प रिकामा करतो. याचा दुसरा अर्थ असा की रॅम्प आखूड असेल तर रॅम्प मीटर बसवून फारसा उपयोग नाही.

"जवळच्याने थांबायचे आणि लांबच्याने सुसाट जायचे?"

तीनशे किलोमीटरवरून येणारा विनाथांबा पुढे जातो आणि ज्याच्या जमिनीतून रस्ता गेला तो दाराशी ताटकळतो, ही बोच समजण्यासारखी आहे. पाटाच्या पाण्यावरून शेपटाचे आणि मुखाचे शेतकरी भांडतात त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे अन्याय उलट दिशेने होतो असे वाटते. तांत्रिक उत्तर असे की वरच्या बाजूच्या अनेक रॅम्पवर थोडे थोडे थांबवून भार वाटून घेता येतो. पण वाटणी कशी करायची हा हिशेबाचा नव्हे, निवडीचा प्रश्न आहे आणि तो अभियंत्यांनी बंद खोलीत ठरवू नये असे माझे मत आहे.

"त्यापेक्षा लेन वाढवा"

लेन वाढवून काही ठिकाणी भागते, पण मिसळण्याची जागा अरुंद असेल तर मागच्या लेन कितीही असोत, उपयोग होत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून कित्येक वर्षे बोरघाटात सहा पदरी द्रुतगती मार्ग आणि चार पदरी जुना महामार्ग खोपोलीजवळ एकत्र येऊन खंडाळ्यापर्यंत एकाच वाटेने जात राहिले. दहा लेनचे पाणी सहा लेनच्या पाटात सोडल्यावर सुट्टीच्या दिवशी काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यावर उपाय म्हणून डोंगरातून नवी वाट काढण्याचे काम हाती घ्यावे लागले.

आपल्याकडे दिवे हवेत का?

समृद्धीच्या विदर्भातील टप्प्यावर रॅम्प मीटरची आज गरज नाही, हे सरळ सांगून टाकतो. इथे एका बाजूला तीन लेन आहेत आणि बहुतेक वेळा रस्ता इतका रिकामा असतो की चालकाला झोप येते. दिवा उपयोगी पडतो तो दाटी काठोकाठ येते तिथे, म्हणजे महानगरांच्या तोंडाशी. शिवाय समृद्धीवर टोल नाके इंटरचेंजवर असल्यामुळे गाड्या तिथून तशाही सुट्या सुट्या होऊनच रॅम्पला लागतात.

आपल्याकडची अडचण दाटीची नाही, वेगातल्या फरकाची आहे. सपाट भागात कारला ताशी १२० आणि मालवाहू गाडीला ८० ही मर्यादा आहे. टोलवरून निघालेला चालक रॅम्पच्या वळणावर ४० ला असतो आणि ही दरी त्याला वेगपट्टीवर भरून काढायची असते. त्यासाठी रॅम्पचे वळण सुटताच गाडी दामटायची, वेगपट्टीला लागण्याआधीच आरशातून महामार्गावरची जागा हेरायची, आरशात न दिसणाऱ्या बाजूसाठी एकदा मान वळवायची आणि पट्टी बरीच शिल्लक असताना सरकायचे. जागा जुळत नसेल तर थोडे हळू व्हावे, पण पट्टीच्या टोकाशी उभे राहण्याची वेळ येऊ देऊ नये. हक्क मात्र महामार्गावरच्या गाडीचाच असतो, मिसळणाऱ्याने वाट द्यायची असते. तरीही डाव्या लेनमधल्या ट्रकवाल्याने रॅम्प दिसताच, उजवीकडे मोकळे असल्यास, एक लेन सरकणे हा शहाणपणा आहे, आणि अनेक जुने ट्रकचालक तो न सांगता पाळतात.

शेवटपर्यंत जाऊन घुसणारा लबाड असतो का?

दुरुस्तीसाठी एक लेन बंद केलेली असते तेव्हा बहुतेक सभ्य माणसे अर्धा किलोमीटर आधीच चालू लेनच्या रांगेत लागतात आणि बंद होणाऱ्या लेनमधून टोकापर्यंत जाणाऱ्याला शिव्या घालतात. गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या असतील तर हा राग चुकीचा आहे. दोन्ही लेन टोकापर्यंत भरू द्यायच्या आणि तिथे चेनच्या दातांसारखे इकडची एक, तिकडची एक असे शिरायचे, ही पद्धत जर्मनीत वाहतुकीच्या कायद्यातच लिहिलेली आहे. तिने रांगेची लांबी जवळपास निम्मी होते आणि लेनांतल्या वेगाचा फरकही मिटतो. गाड्या वेगात असतील तेव्हा मात्र आधीच जागा पाहून मिसळणेच बरे.

पुतण्याला हे सगळे मी कागदावर रेघा मारून दाखवले तेव्हा त्याने मान डोलावली आणि एकच हिशेब उलट विचारला, की भरलेल्या गाडीने ८० गाठायला २५० मीटर लागतात तर रिकामीने किती. यंदा पुन्हा संत्री घेऊन निघालो तेव्हा टोलची दांडी वर होताच त्याने बोलणे बंद केले. वळण संपताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होती, त्याची नजर उजव्या आरशात होती आणि दोन ट्रकांच्या मधली जागा त्याने माझ्या आधी पाहिली. आम्ही आत सरकलो तेव्हा डाव्या बाजूला वेगपट्टी अजून बरीच शिल्लक होती, आणि मागच्या कॅरेटमधले एकही संत्रे हलले नव्हते.